पुण्यातली सुशी: मासा नंतर बघा, आधी भात बघा

भातखाऊ

गेल्या काही वर्षांत पुण्यात सुशी मिळायची ठिकाणं भसाभस वाढली. पूर्वी पंचतारांकित हॉटेलं आणि कोरेगाव पार्कातली मोजकी रेस्टॉरंट्स एवढ्यावर भागायचं. आता बाणेर, बालेवाडी, विमाननगर, कुठेही जा, मेन्यूकार्डाच्या मागच्या पानावर मोमो आणि बाओच्या शेजारी सुशी येऊन बसलेली असते. खाणारेही वाढलेत. पण "कुठली चांगली?" असं विचारलं की उत्तर येतं, "अमक्याकडे सामन एकदम फ्रेश असतो." सगळी चर्चा माशावर. भाताबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. रोज दोन वेळा भात खाणारी माणसं आपण, आणि सुशीतला भात कसा होता हे कुणाला आठवत नाही.

माझं मत असं की सुशीत निम्म्याहून जास्त काम भाताचं असतं आणि पुण्यात बिघडतो तोही भातच. मासा नॉर्वेहून विमानाने येतो, सगळ्यांचे पुरवठादार साधारण तेच. त्यात एका हॉटेलाचं दुसऱ्यापेक्षा वेगळं असं काय असणार? भात मात्र तिथल्या तिथे, त्या दिवशी, त्या माणसाच्या हातचा असतो.

मी काय बघतो ते सांगतो. भात कोमट हवा, साधारण आपल्या अंगाइतका. गार असेल तर तो फ्रिजमधून आलाय. फ्रिजमध्ये भातातला स्टार्च आवळून बसतो, दाणा पांढुरका आणि कडक होतो, मग वर कितीही भारी मासा ठेवा. दुसरं, घास उचलताना सुटू नये पण तोंडात गेल्यावर लगेच मोकळा व्हावा. गच्च दाबलेला गोळा असेल तर तो साच्यातून काढलाय किंवा करणाऱ्याचा हात बसलेला नाही. तिसरं, आंबट, गोड, खारट हे तिन्ही लागायला हवं पण कुठलंच पुढे यायला नको. आपल्याकडे साखरेचा हात सैल सुटतो.

शक्य असेल तिथे काउंटरला बसा. चांगला शेफ हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवतो, एक टाळी वाजवून जास्तीचं पाणी झटकतो, लाकडी टोपातून न बघता भात उचलतो, आणि जास्त झाला तर दोन-चार दाणे परत टाकतो. मग दुसऱ्या हाताची दोन बोटं, एकदा दाब, फिरव, पुन्हा दाब. सगळं चार-पाच सेकंदांत. भाताला तो फार वेळ हात लावत नाही. जो घोळत बसतो त्याची निगिरी (भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप) चिकट होते.

नव्या ठिकाणी गेलो की मी आधी काकडीची रोल मागवतो, कप्पा माकी. मेन्यूतली सगळ्यात स्वस्त वस्तू. त्यात लपवायला जागाच नाही: भात, काकडी, नोरी (बाहेरून गुंडाळलेलं समुद्री शेवाळाचं पान), संपलं. ती चांगली निघाली तर पुढे जायचं. ती चिवट, गार निघाली तर एक रामेन मागवून गप घरी यायचं. वरून केशरी मेयोनीज, तळलेली कुरकुरीत बुंदीसारखी टॉपिंग्ज, टेरियाकीच्या रेघोट्या असल्या रोलना माझी हरकत नाही, पण त्यावरून हॉटेलचं काहीच कळत नाही.

तुमचे अनुभव लिहा. आणि कृपा करून "ॲम्बियन्स छान" असं लिहू नका, काय खाल्लं ते लिहा.

नारायणपेठी

आठ तुकड्यांना सहाशे-सातशे रुपये, आणि त्यात काय, तर गार भात आणि काकडी. काकडीची कोशिंबीर आणि भात आमच्याकडे रोज असतो, कुणी पैसे मागत नाही. तेवढ्या पैशांत बेडेकरांकडे चौघं जण मिसळ खाऊन, वर जादाचा रस्सा मागून, ढेकर देत बाहेर येतील.

भातखाऊ

@नारायणपेठी, तुम्ही येणार हे माहीत होतं. :)
पण गंमत ऐका. आज आपण ज्याला सुशी म्हणतो ती निगिरी मुळात रस्त्यावरचीच. १८२० च्या दशकात एदो म्हणजे आजच्या तोक्योत हानाया योहेई नावाच्या माणसाने ती लोकप्रिय केली. गाडीवर उभं राहायचं, हाताने उचलायचं, चालू पडायचं. आपला वडापाव जसा घाईतल्या माणसासाठी जन्मला तशीच ही. तेव्हाचा तुकडा आजच्यापेक्षा दुपटी-तिपटीने मोठा असायचा. त्याआधी जुन्या पद्धतीत मासा भातात महिनोन्महिने आंबवत ठेवत आणि भात चक्क फेकून देत. क्योतोजवळच्या बिवा तळ्याकाठी तशी फुनाझुशी अजून करतात. आंबवण्याऐवजी व्हिनेगर घातलं की तोच आंबटपणा लगेच मिळतो, हे कळल्यावर तिचं फास्टफूड झालं. ते व्हिनेगरही साकेच्या (तांदळाच्या जपानी दारूच्या) चोथ्यापासून केलेलं, स्वस्त. हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन नावाच्या साकेवाल्याने १८०४ मध्ये ते सुरू केलं, ती कंपनी अजून आहे, मिझकान. तुमच्या हातात राइस व्हिनेगरची जी बाटली पडते ती बऱ्याचदा त्यांचीच.

त्यामुळे महागडी सुशी हा नंतरचा अवतार. १९५८ मध्ये ओसाकात शिराइशी योशिआकी या माणसाने बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा बघून तसाच पट्टा सुशीच्या दुकानात बसवला, कारण परवडेल अशी विकायची होती. पुण्यात असा पट्टा कुणी लावला तर मी रोज जाईन.

नारायणपेठी

पट्टा लावला तर पहिल्या दिवशी सगळ्यात शेवटी बसणारा माणूस पट्ट्याच्या मालकाशी भांडेल. पण माहिती चांगली आहे, हे मान्य.

चाकणचा_शिफ्टवाला

मी जपानी कंपनीत आहे, पाहुणे आले की रात्री जेवायला घेऊन जायचं काम माझ्याकडे. त्यामुळे ऑफिसच्या खर्चाने बरीच सुशी झालीय. :) माझं निरीक्षण वेगळं आहे. आमचे जपानी साहेब पुण्यात सुशी फारशी मागवतच नाहीत. पहिल्यांदा आलेला माणूस उत्सुकतेने मागवतो, इथे दोन-तीन वर्षं राहिलेले तिकडे बघतसुद्धा नाहीत. ते मागवतात काराआगे, कात्सु करी, थंडीत रामेन, आणि बिअरबरोबर एदामामे. म्हणजे घरगुती जेवण. सुशी हे त्यांच्या दृष्टीने घरी गेल्यावर खायचं.

एका साहेबांना विचारलं होतं, ते म्हणाले इथला मासा ठीक असतो, भात खाताना मात्र आपण परदेशात आहोत हे कळतं. म्हणजे भातखाऊंचंच म्हणणं.

परत जाताना मात्र सगळे चितळ्यांची बाकरवडी घेऊन जातात. एकाने तर बॅगेतले कपडे काढून पाकिटं भरली होती. तिखट म्हणून घाम पुसत खातात पण खातात.

शाकाहारी_आहे_बाई

आमच्यासारख्यांनी काय करायचं? नवरा आणि मुलगी सामन खातात, मी ॲव्होकॅडो रोल खाऊन मिसो सूप पिऊन येते. दर वेळी तेच. शाकाहारी सुशी म्हणजे खरी सुशी नाहीच असं माझी मुलगी म्हणते.

सेन्सेई_सदाशिव

आधी एक वाईट बातमी देते. तुम्ही जे मिसो सूप पिता ते बहुतेक ठिकाणी शाकाहारी नसतं. मिसो सोयाबीनचा असतो हे खरं, पण खालचं पाणी म्हणजे दाशी. ती कोंबू या समुद्री पानाबरोबर कात्सुओबुशी घालून करतात, म्हणजे वाळवून, धुरवून लाकडासारखा कडक केलेला मासा किसून. वाढणाऱ्या मुलाला विचारलं तर तो "मॅडम प्युअर व्हेज" म्हणतो, कारण त्यात मासा तरंगताना दिसत नाही. थेट किचनमध्ये विचारायला लावा, "दाशी कशाची आहे?" काही ठिकाणी फक्त कोंबू आणि शिताके मश्रूमची करून देतात.

तसंच रोलवरचे केशरी बारीक मणी: ती तोबिको, उडणाऱ्या माशाची अंडी. आणि जपानी मेयोनीजमध्ये अंड्याचं पिवळं. तुम्ही अंडं खात नसाल तर "स्पायसी मेयो" नको म्हणून सांगा. 'क्रॅब स्टिक'मध्ये खेकडा नावापुरता, बाकी पांढऱ्या माशाचा लगदा.

आता मुलीला सांगा की शाकाहारी सुशी पूर्ण खरी आहे. सगळ्यात जुन्या, साध्या रोलपैकी एक कानप्यो माकी. कानप्यो म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याचीच जात. त्याच्या लांबच लांब पट्ट्या सोलून उन्हात वाळवतात, मग भिजवून, मऊ करून सोया सॉस आणि साखरेत शिजवतात. तोचिगी प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याशिवाय इनारी, तळलेल्या तोफूच्या गोड पिशवीत भरलेला भात, आणि ताकुआन म्हणजे मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याची रोल. (इनारीची पिशवी शिजवताना दाशी वापरतात, तेवढं विचारा.) पुण्यातल्या मेन्यूवर ॲव्होकॅडो, ॲस्परॅगस आणि क्रीम चीजच असतं, कारण मेन्यू तोक्योहून नाही, लॉस एंजेलिसच्या वाटेने आलाय.

मी जपानी शिकवते. आमच्या विद्यार्थ्यांची पार्टी असली की मी घरून इनारी करून नेते. पहिली तीच संपते.

शाकाहारी_आहे_बाई

अरे देवा. मिसो सूप श्रावणातसुद्धा प्यायलेय मी.
दुधीच्या पट्ट्या वाळवून बघते. आमच्या गच्चीवर ऊन भरपूर आहे आणि घरात दुधी कुणी खात नाही.

बांगडा_फ्राय

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, आता धायरीत. मला प्रामाणिकपणे सांगा, पुण्यात कच्चा मासा खायची हिंमत होते कशी तुमची? गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी जाऊन बघा. मासा रात्रभर बर्फात प्रवास करून आलेला असतो. रस्सा, तवा, सगळं ठीक. पण कच्चा? आणि जून-जुलैमध्ये तर आपल्या किनाऱ्यावर मासेमारीच बंद, तेव्हा हे लोक काय आणतात?

भातखाऊ

गणेश पेठेतला मासा सुशीत नसतोच हो. सुशीतला सामन नॉर्वेचा, शेतीत वाढवलेला, त्यामुळे आपल्या पावसाळ्यातल्या बंदीशी त्याचा संबंध नाही. मेन्यूवर 'इंडियन सामन' लिहिलं असेल तर मात्र थांबा, तो आपला रावस. उत्तम मासा, पण कच्चा खायचा नाही.

जपान्यांनीसुद्धा सामन कच्चा खायला अलीकडे सुरुवात केली. त्यांच्याकडच्या जंगली सामनमध्ये जंत असायचे म्हणून ते भाजून किंवा खारवूनच खात. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला सामन खपवायला जपानात मोहीम काढली, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. जंतांसाठी अमेरिकेतला नियम असा की मासा उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ वर गोठवून त्याच तापमानाला १५ तास ठेवायचा. शेतीत गोळ्यांचं खाद्य खाऊन वाढलेल्या सामनला त्यातून सूट आहे. घरच्या फ्रीझरचा यात भरवसा धरू नका, तो जेमतेम उणे १८ ला जातो आणि दर तासाला कुणीतरी आइस्क्रीमसाठी उघडतं.

बांगडा_फ्राय

बरं, हे पटलं. पण मग पुण्याच्या सुशीत पुण्याचं काय? नॉर्वेचा मासा, जपानचा तांदूळ, चीनची नोरी. समुद्र नसलेल्या गावात हा खटाटोप कशाला, एवढंच म्हणतो.

सेन्सेई_सदाशिव

@बांगडा_फ्राय, क्योतोलाही समुद्र नाही.

हे मला फार आवडतं म्हणून जरा लांबण लावते. क्योतो शेकडो वर्षं राजधानी, पण तीन बाजूंनी डोंगर. मासा यायचा उत्तरेकडच्या वाकासाच्या किनाऱ्यावरून, ओबामा नावाच्या बंदरातून. तिथे बांगडा पकडला की लगेच मीठ लावायचं आणि माणसं तो पाठीवर घेऊन डोंगर ओलांडून क्योतोला आणायची. सुमारे सत्तर किलोमीटरची वाट. तिला 'साबा काइदो' म्हणतात, बांगड्याची वाट. वाटेतल्या त्या दिवसाभरात मीठ बरोबर मुरायचं. क्योतोत पोचला की व्हिनेगरमध्ये घालून भाताच्या लांब लादीवर चढवायचा, वरून कोंबूचं पातळ पान. ही साबाझुशी. सणासुदीला घरोघर होते. शेजारच्या नारा प्रांतातही समुद्र नाही, तिथे खारवलेला मासा आणि भात पर्सिमनच्या पानात गुंडाळून दाबून ठेवतात. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

म्हणजे समुद्र नसलेल्या गावांनी ताज्या माशाची नक्कल केली नाही. मीठ, व्हिनेगर, पान, वजन, वेळ यांतून त्यांनी स्वतःची सुशी केली. पुण्यातल्या शेफ मंडळींनी हे का करू नये? घाट उतरून बांगडा आपल्याकडेही आहेच. (कच्चा नको. त्यात जंताचा धोका असतो, मीठ-व्हिनेगरने तो जात नाही. भाजून घ्यावा, जपानातही भाजलेल्या बांगड्याची सुशी करतात.)

बांगडा_फ्राय

भाजलेला बांगडा, आंबट भात, वरून कोंबूऐवजी हळदीचं पान? सेन्सेई, तुम्ही मला बिघडवणार.

मावळची_सून

आत्ता माझा विषय आला. जपानचा तांदूळ कशाला? आमच्या मावळात इंद्रायणी पिकतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला वाण. शिजला की चिकट, लुसलुशीत, चमकदार. मी घरी सुशी याचीच करते आणि माझ्या मुलांना जपानी तांदळापेक्षा हीच आवडते.

नुसता आंबेमोहर घेऊ नका. वासाला देखणा, पण दाणा फुटतो आणि खिमट होतं. बासमती, कोलम तर विसराच, मोकळा भात सुशीला कामाचा नाही.

कृती अशी. दोन वाट्या इंद्रायणी हलक्या हाताने धुवायचा, पाणी बऱ्यापैकी नितळ येईपर्यंत. चोळून धुतला तर तुकडा पडतो. अर्धा तास भिजवून, निथळून घ्यायचा. जुना तांदूळ असेल तर वाटीला सव्वा वाटी पाणी, नवा असेल तर त्याहून कमी. हे तुमच्या तांदळावर आहे, पहिल्यांदा थोडा करून बघा. कुकरची शिट्टी नको. जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण, उकळी आली की मंद आच, पाणी आटलं की गॅस बंद आणि दहा-बारा मिनिटं झाकण उघडायचं नाही. कितीही वाटलं तरी उघडायचं नाही.

तोवर चार मोठे चमचे राइस व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा मीठ जरासं कोमट करून विरघळवून ठेवायचं. उकळायचं नाही. साधं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर घशाला लागतं, ते नको. भात गरम असतानाच परातीत काढायचा आणि व्हिनेगर शिंपडत लाकडी उलथन्याने कापल्यासारखा उलटापालटा करायचा. कालवायचा नाही. एकीकडे कुणाला तरी पुठ्ठ्याने वारा घालायला बसवायचं (सासूबाई घालतात, वर "एवढं करून खाणार काय तर समुद्राचं शेवाळं" असंही म्हणतात). वाऱ्याने वरचं पाणी उडतं आणि दाण्याला तकाकी येते. मग ओलं फडकं झाकून बाहेरच ठेवायचा, फ्रिजमध्ये नाही, आणि त्याच दिवशी संपवायचा.

नोरी आणि व्हिनेगर मी कॅम्पातून दोराबजींकडून आणते. नोरीची गुळगुळीत बाजू खाली, भात वरच्या कडेला बोटभर जागा सोडून पसरायचा. हात व्हिनेगरच्या पाण्यात ओले ठेवायचे नाहीतर अर्धा भात हातालाच. आत काकडी, गाजर, गोडसर ऑम्लेटच्या पट्ट्या. कापताना सुरी प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसायची आणि पुढेमागे ओढून कापायची, दाबायची नाही.

एक अडचण आहे ती सांगते. इंद्रायणीला स्वतःचा वास आहे, तो व्हिनेगरमध्येही थोडा राहतो. ज्यांना अगदी तोक्योसारखं हवं त्यांना तो खटकेल.

भातखाऊ

@मावळची_सून, दंडवत. धाग्याचं सार्थक झालं. तो वास खटकेल म्हणता, मला वाटतं तोच राहायला हवा.

सेन्सेई_सदाशिव

नोरीचा विषय निघालाय म्हणून. नोरीची शेती दुसऱ्या महायुद्धानंतर पार बसली होती, कारण तिचं बी कुठून येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कॅथलीन ड्र्यू-बेकर या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञ बाईंनी १९४९ मध्ये दाखवलं की ते रोप आयुष्यातला एक टप्पा शिंपल्यांमध्ये काढतं. त्यावरून नोरी लावून वाढवता येऊ लागली. त्या स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत. क्युशूतल्या उतो गावात त्यांचं स्मारक आहे आणि दर वर्षी १४ एप्रिलला तिथले लोक त्यांची आठवण काढतात.

नारायणपेठी

१४ एप्रिल लक्षात राहील.
वासाबीचं काय ते सांगा. मागे एकदा पुतण्याने 'हिरवी चटणी' म्हणून चमचाभर खायला लावली. डोक्यातून धूर निघाला.

बांगडा_फ्राय

मेलो हसून.

सेन्सेई_सदाशिव

ती खरी वासाबी नव्हतीच, काका. बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग असतो. खरी वासाबी म्हणजे झऱ्याच्या थंड पाण्यात वाढणारा कंद, ताजा किसून पंधरा-वीस मिनिटांत खावा लागतो, नंतर दम जातो. झणका तोच, पण सौम्य आणि किंचित गोड. तुम्ही लोणच्यासाठी मोहरी फेसता ना, तेव्हा नाकात जे चढतं ते आणि हे रसायन एकच आहे. जिभेला कमी आणि नाकाला जास्त लागतं, म्हणून पाणी पिऊन उपयोग नाही. नाकाने श्वास बाहेर सोडा.

आणि सोया सॉसच्या वाटीत वासाबी कालवू नका. निगिरी हाताने उचला, मासा खाली येईल अशी कलती करा आणि माशाची कड बुडवा. भात बुडवला तर तो सॉस पिऊन सुटतो. आलं मध्ये मध्ये, तोंड साफ करायला, सुशीवर ठेवायला नाही.

बिल_कोण_देणार

सगळे चवीचं बोलताय, मी बिलाचं बोलतो. मागच्या महिन्यात एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) चौघांच्या बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लावला होता. काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणे "सर हाउस पॉलिसी." ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. फोनवर बातमी उघडून दाखवली, शांतपणे उभा राहिलो. मागे रांग वाढायला लागली तसा निघाला चार्ज. वाढणाऱ्या मुलाला आम्ही वेगळे पैसे दिले, त्याचा यात काही दोष नव्हता.

जीएसटीवर मात्र भांडू नका. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, पण साडेसात हजारांच्या वर खोलीचं भाडं असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८. त्यामुळे पंचतारांकित ठिकाणी मेन्यूवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा यांत जो खड्डा दिसतो तो सरकारी आहे.

नारायणपेठी

रांग वाढेपर्यंत उभे राहिलात! तुम्ही पेठेतले का?

बिल_कोण_देणार

आजोळ शनिवार पेठ.

नवखी_खवय्यी

दोन प्रश्न. १) घरी मागवली तर चालते का? २) वहिनीला सातवा महिना आहे आणि तिला सुशीचेच डोहाळे लागलेत.

भातखाऊ

१) माझ्या मते नको. नोरी दहा मिनिटांत ओल धरते आणि चिवट होते, तुमच्याकडे पोचेपर्यंत पाऊण तास. बर्फाची पिशवी घालून दिली तर भात कडक. मागवायचीच तर भात बाहेर असलेली रोल मागवा, तिला नोरीचं एवढं दुखत नाही. उन्हाळ्यात कच्चा मासा मात्र अजिबात मागवू नका.
२) कच्चा मासा नको. गोठवल्याने जंत मरतात, लिस्टेरियासारखे जिवाणू नाहीत. बाकी डॉक्टरांना विचारा. तेंपुरा कोळंबी, शिजलेली उनागी (ईल मासा), काकडी, तामागो (गोडसर ऑम्लेट), आणि मावळच्या ताईंची इंद्रायणी. डोहाळजेवणात सुशीचं ताट मांडा, फोटो टाका.

चाकणचा_शिफ्टवाला

अवांतर: सुशी खाऊन तुमचं पोट भरतं का? माझं नाही. कोरेगाव पार्कात खाऊन कॅम्पातून परत येतो तेव्हा गाडी आपोआप थांबते. मार्झोरिनचं चिकन सँडविच, नाहीतर गार्डनचा वडापाव.

शाकाहारी_आहे_बाई

आमचं उलट. आधी वैशालीत एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) खाऊन जायचं. मग तिथे नाजूकपणे सहा तुकडे खाता येतात.

बिल_कोण_देणार

हे खरं आर्थिक नियोजन.

भातखाऊ

बरं, गटग (गेट-टुगेदर) करायचं का? ज्यांना काउंटरला बसून खायचंय त्यांनी नावं द्या. दुपारच्या वेळेला जाऊ, गर्दी नसते आणि भात नुकताच झालेला असतो. कुठे ते व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपातून) ठरवू.

बांगडा_फ्राय

मी आहे. पण त्याच्याआधी मावळची सून आणि सेन्सेई यांनी मिळून ती भाजलेल्या बांगड्याची लादी करून बघावी. बांगडे मी आणतो, साफ करून.

सेन्सेई_सदाशिव

करू की. लादी दाबायला लाकडी चौकट माझ्याकडे आहे. नसली तरी केकचा टिन, वर वरवंटा.

नारायणपेठी

मी बघायला येतो. खाईनच असं नाही.

नवखी_खवय्यी

मावळच्या ताई, इंद्रायणी थेट तुमच्याकडून मिळेल का? दुकानातला भेसळीचा असतो म्हणतात.

मावळची_सून

मिळेल, पण थांबावं लागेल. नवा तांदूळ दिवाळीनंतर भरडून येतो. सुशीला नवाच बरा, चिकटपणा जास्त असतो. जुना थोडा शिल्लक आहे तो बांगड्याच्या दिवशी आणते. पाच किलोच्या खाली भरत नाही, पिशव्या आपापल्या आणा.